मध्ययुगीन युरोपीय वेश आणि चिलखत: अस्सलपणा कसा साधावा
प्रथम काळ, प्रदेश आणि सामाजिक स्तर ठरवावा. मध्ययुग सुमारे हजार वर्षांचे असल्याने १३६१ मध्ये विस्बी (आजच्या स्वीडनमधील गॉटलंड बेटावरील शहर) येथे झालेल्या लढाईतील सैनिकाला पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील संपूर्ण पोलादी चिलखत चढवणे विसंगत ठरते. तेथील सामूहिक कबरींत कापडाच्या आतून लोखंडी पत्रे रिव्हेटने (टोक ठोकून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळ्याने) जडवलेली चिलखते सापडली आहेत, आणि असा पुरावा समाधीशिल्पांपेक्षा अधिक विश्वसनीय मानावा, कारण शिल्पे बहुधा श्रीमंतांचीच असतात. साखळी-चिलखतासाठी, म्हणजे एकमेकांत गुंतवलेल्या धातूच्या कड्यांच्या चिलखतासाठी, केवळ टोके जुळवलेल्या नव्हे, तर रिव्हेट ठोकलेल्या कड्या घ्याव्यात. आतील वस्त्र लिननचे, वरचे लोकरीचे असावे. निदान दिसणारी शिवण तरी हाताने घालावी. चिलखताचे माप मात्र आतला जाड, भरीव अंगरखा घालूनच घ्यावे.