वालाचं बियाणं उन्हात वाळवू नका

भात कापून झालं की खाचरातली ओल आठ-दहा दिवसांची पाहुणी. वारा सुटला तर तेवढीही टिकत नाही. म्हणून वाल, चवळी, कुळीथ टाकायची घाई कराच. पण बियाण्याला रायझोबियम लावताना घाई नको.

पाकिटातलं ते खत नव्हे, जिवंत जिवाणू आहेत; मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देतात. विरजण समजा. उकळत्या दुधात विरजण घालतं का कुणी? आपल्याकडे मात्र दरवर्षी तेच बघतो: पाकीट गाडीच्या डिकीत दुपारभर तापतं, मग ते बियाण्याला चोळून अंगणात ताडपत्रीवर कडक उन्हात पसरतात. जिवाणू तिथेच मेले. महिन्याने वाल पिवळा पडला की दुकानदार युरिया देतो, वर टॉनिकची बाटली गळ्यात मारतो. पाला माजतो, शेंगा बेताच्याच. मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीपुरत्या म्हणा.

दुकानातही पाकीट कुठे ठेवलंय ते बघा. पत्र्याखालच्या तापलेल्या फळीवरचं घेऊ नका, अंतिम तारीख वाचा. पीकही विचारा. चवळी गटाचं संवर्धक (म्हणजे हेच जिवाणूंचं पाकीट) चवळी, मूग, कुळीथ, वालाला चालतं, हरभऱ्याचं वेगळं. "सगळं एकच" म्हणणाऱ्याकडून उठून या.

प्रमाण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात संवर्धक कालवा, बियाण्याला हलक्या हाताने चोळा, साल निघता कामा नये. पडवीत गोणपाटावर सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. थायरम हे बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, किलोला ३ ग्रॅम, रायझोबियम शेवटी. युरियात बियाणं मिसळू नका. मी स्वतः दुपारी चारनंतरच पेरतो आणि लगेच माती ओढतो. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, पण माझ्या शेतात फरक दिसतो.

मागच्या वर्षी लावलं म्हणून यंदा सोडू नका. चार महिने पाण्याखाली राहिलेल्या खाचरात, त्यात आपल्या आंबट मातीत, हे जिवाणू फारसे उरत नाहीत.

बाकी कामं:
– हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद, पेरताना
– विरळणी
– एक बेणणी
– मावा दिसताच निंबोळी अर्क ५ टक्के

तीस-पस्तीस दिवसांनी दोन-तीन रोपं मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, गाठी तुटून जमिनीत राहतात. मुळं पाण्यात धुऊन गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र मिळतंय, वरून युरिया टाकू नका. आत पांढरट किंवा हिरवट, नाहीतर गाठीच नाहीत, तर ते बियाणं कुठे वाळवलं होतं ते घरात विचारा. अशा पिकाला ओल असतानाच थोडा युरिया द्यावा लागेल. बाटली तेव्हाही नको.