नवी मुंबईत जुने घर घेताना कागद कसे तपासावेत

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका व्हावा म्हणून 1970 मध्ये सिडको या सरकारी नगरविकास कंपनीची स्थापना झाली आणि शासनाने संपादित केलेल्या जमिनीवर तिने वाशी, नेरूळ, खारघर यांसारखे नोड, म्हणजे शहराचे नियोजित विभाग, वसवले. ही जमीन सिडकोने सर्वसाधारणपणे 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असल्यामुळे सर्वप्रथम मूळ भाडेपट्टा करार मागून घ्यावा आणि त्याची किती वर्षे उरली आहेत, हे स्वतः वाचून पाहावे.

त्यानंतर पहिल्या मालकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची करारांची साखळी जुळवावी. मधल्या एखाद्या व्यवहाराला सिडकोची हस्तांतरण परवानगी नसेल, तर ती विक्रेत्यानेच मिळवून द्यावी आणि तोवर मोठी रक्कम देऊ नये.

भूखंड साडेबारा टक्के योजनेतील असेल, तर अधिक सावध राहावे. ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले, त्या गावकऱ्यांना परत मिळालेले हे भूखंड आहेत, ही गोष्ट प्रत्येक खरेदीदाराने जाणून घ्यायलाच हवी. अशा ठिकाणी सिडको, मूळ भूखंडधारक आणि विकासक यांच्यातील त्रिपक्षीय करार पाहावा, तसेच मूळ धारकाच्या सर्व वारसांची संमती वकिलाकडून तपासून घ्यावी.

इमारत राहण्यायोग्य असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे. मालमत्ता कराची पावती वाशी-नेरूळला नवी मुंबई महापालिकेची, तर खारघर-कामोठ्याला पनवेल महापालिकेची असते.