धुक्यातली घोडी आणि कॅमेरा: या चुका टाळा

डिसेंबर लागला की बेळगावात दोन गोष्टी वाढतात: रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि पहाटे राजहंसगडाकडे निघणाऱ्या कॅमेरेवाल्यांच्या दुचाकी. भातकापणी, मळणी उरकून शिवार मोकळं झालेलं असतं. सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे फार लवकर उठायचीही गरज नाही. येळ्ळूरच्या वाटेवर आमच्याकडे एक काळी घोडी आहे हे त्यातल्या कुणाला तरी ठाऊक असतंच. मग आदल्या रात्री फोन येतो, "सकाळी घोडीचे फोटो काढायला येऊ की?" मीही कॅमेरा गळ्यात घालूनच घोडी पाळायला शिकलो, म्हणून नाही म्हणवत नाही. खाली लिहिलेल्यातल्या निम्म्या चुका माझ्याच आहेत.

फोटोआधीच होणारी चूक: आंघोळ

अंगावर चमक यावी म्हणून पहाटे घोड्यावर बादल्या ओततात. थंडीत घोड्याचे केस दाट होतात आणि त्यांच्यात अडकलेली हवाच त्याची गोधडी असते. केस भिजले की ती ऊब गेली. कोरड्या अंगाला आपल्याकडची बारा-तेरा अंशांची थंडी काहीच वाटत नाही, आडोसा मिळाला की पुरे. चमक हवी तर अर्धा तास खरारा करा आणि शेवटी जुन्या सुती धोतराचा तुकडा केसांच्या दिशेने फिरवा. तेल लावू नका. फोटोत ते घाम आल्यासारखं दिसतं आणि वर धूळ बसते ती वेगळीच.

लेन्सवर वाफ धरते ती तबेल्यात

धुक्यात फिरून कॅमेरा गार झालेला असतो. तबेल्यात घोडीच्या श्वासाची आणि ओल्या लिदीची ऊब भरलेली. दारातून आत पाऊल टाकलं की काचेवर बाष्प. मग शर्टाच्या टोकाने पुसायचं, पुन्हा धूसर, पुन्हा पुसायचं, आणि शर्टाला लागलेली लाल माती काचेवर घासायची. उपाय सोपा आहे. आत जाण्याआधी, बाहेरच्या गार हवेतच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. बाष्प पिशवीवर बाहेरून धरेल. वीस-पंचवीस मिनिटांनी काढा, तोवर चहा घ्या. लेन्स मात्र तबेल्यात बदलू नका, कडब्याचा भुसा सेन्सरवर बसला की महिनाभर प्रत्येक आभाळात ठिपके दिसतात. आणि थंडीने बॅटरी उतरते म्हणून खिशात तीन-तीन बॅटऱ्या कोंबून येणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, हे लडाख नव्हे.

काळी घोडी राखाडी दिसते

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी समजून मोजतो. चौकटभर धुकं असेल तर तो चित्र काळवंडवतो, तिथे एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवा. चौकटभर काळी घोडी असेल तर उलट, तो चित्र उजळवून तिला राखाडी करतो, तिथे पाऊण ते एक स्टॉप कमी करा. दोन्ही असतील तर आकड्यांवर विसंबू नका. एक फोटो काढून हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघा आणि मानेवरच्या केसांत तपशील उरलाय का ते पाहा. दुडक्या चालीला 1/500, भरधाव असेल तर 1/1000 किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. पॅनिंग (धावत्या घोडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो) करायचं असेल तर 1/60 ला येऊन बरेच फोटो वाया घालवायची तयारी ठेवा.

वाइड अँगल घेऊन तोंडाशी जाऊ नका. घोड्याचं डोकं घागरीएवढं आणि पाय काडीसारखे येतात. 85 मिमीच्या पुढची लेन्स घ्या आणि मागे सरका. मागे सरण्याचं आणखीही एक कारण आहे.

उभं कुठे राहायचं

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण थेट पाठीमागचं दिसत नाही आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलंही नाही. कॅमेरेवाले नेमके या दोन जागा शोधून काढतात. मी स्वतः एकदा उगवतीचा प्रकाश शेपटीतून येताना हवा म्हणून घोडीच्या मागे उकिडवा बसलो होतो. त्याच वेळी रस्त्यावरून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर डेक लावून गेला. घोडीचे कान मागे चिकटले, हे मला व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट दिसलं. दिसलं, आणि मी बटण दाबलं! पुढच्या क्षणी लेन्सचं हूड बांधावर पडलेलं होतं. नशीब, हूडच. नाल बसवायला आलेले नालबंद मामा शांतपणे म्हणाले, "घोडी बिचकली न्हाई, तू बिचकवलास की तिला."

तेव्हापासून नियम एकच. खांद्याच्या रेषेत, थोडं तिरकं उभं राहायचं आणि जवळ जाताना बोलत जायचं. कॅमेऱ्याचा पट्टा लोंबकळत ठेवायचा नाही. फ्लॅश नाही, ड्रोन तर नाहीच.

चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व माउलींच्या पालखीसाठी आळंदीला चालत जातात. लाखोंच्या गर्दीत, टाळ-मृदंगात रिंगण धावतात. ते पाहून लोकांना वाटतं, घोड्याला आवाजाचं काही नसतं. ती सवयीची गोष्ट आहे. आमच्या घोडीला एकटा टाळसुद्धा नवीन.

कान पुढे यावेत म्हणून मोबाइलवर खिंकाळण्याचा आवाज लावतात. घोडी दोनदा फसते, तिसऱ्यांदा ढुंकूनही बघत नाही. तोबऱ्यातले हरभरे नुसते खुळखुळवा.

फोटोसाठी चंदी-पाण्याची (दाणा-पाण्याची) वेळ मोडणं

हे मला सगळ्यात महागात पडलं. एका जानेवारीत पाहुण्यांसाठी घोडी अकरापर्यंत बाहेर ठेवली. टाकीचं पाणी गार म्हणून तिने तोंड लावलं नाही, पोटात नुसता कोरडा कडबा. संध्याकाळी ती पुढच्या पायाने माती उकरायला लागली, सारखी वळून कुशीकडे बघायची, बसायची, उठायची. लीद नाही. पोटशूळ.

शेजाऱ्यांनी नळकांड्याने तेल पाजायला सांगितलं. तसं कधीही करू नका. घोड्याला उलटी होत नाही आणि जबरदस्तीने पाजलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. डॉक्टर नाकातून नळी घालून थेट पोटात औषध सोडतात, ते त्यांचंच काम. त्यांना फोन करा, ते येईपर्यंत पुढ्यातली वैरण काढून घ्या. आमची घोडी रात्री दोनला लीद टाकून मोकळी झाली आणि लिदीकडे बघून मला रडू आलं.

घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं. थंडीत ते कोमट करून द्या, चंदीत चिमूटभर मीठ घाला आणि आधी पाणी, मग फोटो. पाहुण्यांनी आणलेला नवा गूळ चाखण्यापुरताच द्या. उसाच्या वाड्याचे (शेंड्याच्या पाल्याचे) भारे म्हशीला शोभतात. साखर जास्त झाली तर घोड्याच्या खुरात सूज येते आणि मग तो महिनोन् महिने लंगडतो. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवायचं असतं, थंडी असो की ऊन.

जागेबद्दल थोडंच. कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिकडे कॅमेरा बाहेर काढू नका. जांबोटी-खानापूरच्या जंगलाच्या बाजूला घोडा नेलात तर अंधाराआधी परत फिरा.

आणि खोगीर उतरवल्या उतरवल्या सामान आवरू नका. घोडी लाल मातीत लोळते, चारही पाय वर, मग उठून अंग झटकते तेव्हा नऊच्या उन्हात भोवती तांबूस धूळ उडते. (न झटकता पुन्हा आडवी झाली तर कॅमेरा ठेवा आणि डॉक्टरांना फोन लावा.) हा फोटो माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मिळालाय. बहुतेकांचे कॅमेरे तोवर बॅगेत गेलेले असतात आणि ते मला चहाचं विचारत असतात.