निर्गुंडीची भजी: घरी सिद्ध तेल काढताना या चुका टाळा

घरात कुणाचे गुडघे धरले की कोणीतरी निर्गुंडीचा भारा घेऊन येतं, कढईत तेल ओततं, पाला टाकतं आणि गॅस मोठा करतं. वीस मिनिटांत पाला काळाठिक्कर, तेल हिरवट, आणि बाटलीवर कागद चिकटवून मोकळे: ‘निर्गुंडी तेल’. हे निर्गुंडी तेल नव्हे. ही निर्गुंडीची भजी झाली, फक्त बेसन घालायचं राहिलं.

पाला तेलात तळणं वेगळं आणि तेल सिद्ध करणं वेगळं. सिद्ध करताना तेलात औषधाचा रस किंवा काढा असतो, वाटलेलं औषध म्हणजे कल्क असतो, आणि पाणी आटता आटता औषध तेलात उतरतं. पातेल्यात पाणी आहे तोवर तापमान त्याच्या उकळीपुढे सरकत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे तासन्‌तास आच दिली तरी औषध करपत नाही. नुसत्या तेलात पाला टाकला की पाल्यातलं पाणी पाच-दहा मिनिटांत उडतं, तेल दीडशे अंश ओलांडतं, सुगंधी द्रव्यं वाफेबरोबर जातात आणि उरतो तो जळका वास. तो वास म्हणजे ‘स्ट्राँग’ असं समजणारे पुष्कळ आहेत.

प्रमाणाचा घोळ

सगळीकडे ‘कल्क एक, तेल चार, द्रव सोळा’ एवढंच पाठ केलेलं असतं. द्रव नुसतं पाणी असेल तर ते बरोबर आहे. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पुढचं बारीक गणितही आहे: पाण्यात सिद्ध करायचं तर कल्क तेलाचा चौथा हिस्सा, काढ्यात करायचं तर सहावा, आणि अंगरसात, म्हणजे ओल्या पाल्याच्या पिळलेल्या रसात, करायचं तर आठवा. कारण उघड आहे. काढ्यात आणि रसात औषध आधीच आलेलं असतं. तिथेही पाव हिस्सा कल्क घातला तर तो बुडाशी बसतो, लागतो आणि जाताना बरंचसं तेल पिऊन जातो.

पहिल्यांदा करणाऱ्याने 250 मिली तेलापुढे जाऊ नये. त्याला काढा एक लिटर, म्हणजे अर्धा किलो सुक्या निर्गुंडीची भरड रात्रभर चार लिटर पाण्यात भिजवायची आणि सकाळी झाकण न ठेवता आटवून एक लिटर करायची. कल्क चाळीस ग्रॅम. ओला पाला मिळत असेल तर एक लिटर अंगरस आणि तीस ग्रॅम कल्क. काढ्यासाठी भरडच घ्या. मिक्सरमधून पीठ करून आणलं की काढा गाळता गाळला जात नाही आणि तो गाळ पुढे तेलात करपतो.

खरी चूक: कच्चं तेल उतरवणं

करपलेलं तेल निदान नाकाला कळतं. कच्चं तेल दिसायला देखणं असतं, म्हणून ते जास्त फसवतं.

सिडकोतल्या एका घरातली श्रावणातली गोष्ट. दीड लिटर घाण्याचं तीळ तेल, सहा लिटर काढा, अडीचशे ग्रॅम कल्क: प्रमाण बिनचूक. माणसानेही घाई केली नाही, दोन दिवस मंद आचेवर आटवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुडबुडे कमी झाले, वरचं तेल नितळ दिसायला लागलं, आणि ‘झालं’ म्हणून पातेलं उतरवलं. कल्क बोटांत घेऊन बघितला नाही, कारण हात चिकट होतात. दोनशे मिलीच्या सात बाटल्या भरल्या, एक मालेगावला गेली, एक पुण्याला. गौरी-गणपतीत सगळे जमले तेव्हा एकेकाने बाटली काढली. तळाशी तपकिरी पाण्याचा थर, बूच उघडलं की आंबूस भपकारा, आणि दोन बाटल्यांच्या गळ्याशी बुरशीचं पांढरं कडं. दीड लिटर तीळ तेलाच्या भावात घरभर भांडण मात्र चांगलं झालं. दोष कुणावर? घाणेवाल्यावर. ‘तेलच भेसळीचं होतं!’

तेलात काही दोष नव्हता. वरचे बुडबुडे थांबले तरी बुडाशी बसलेला कल्क स्पंजासारखं पाणी धरून असतो. पिळताना ते पाणी तेलात उतरतं. बाटलीच्या तळाशी चमचाभर पाणी, त्यात झाडाचं सत्त्व, वर तेलाचं झाकण आणि बाहेर श्रावणातली हवा: बुरशीला याहून चांगलं घर मिळत नाही.

म्हणून वरून बघून तेल उतरवू नका. उलथन्याने अगदी बुडातला कल्क काढा, थोडा निवू द्या आणि अंगठा-तर्जनीत वळा. चिकटला, ओलसर लागला तर आमपाक, म्हणजे कच्चं. मऊ वात वळली आणि बोटाला पाणी लागलं नाही तर मध्यम पाक. वात वळते पण जरा कडक, कोरडी लागते, तो खर पाक; अंगाला चोळायच्या तेलाला हाच हवा. वात न वळता भुगा झाला आणि रंग काळा असेल तर दग्ध, ते गेलं. मग ती वात चिमट्यात धरून गॅसपासून दूर ठेवलेल्या निरांजनाच्या ज्योतीवर न्या. तडतडली तर पाणी आहे. शांतपणे पेटली तर नाही. तिसरी खूण फेसाची: तेल होत आलं की बारीक फेस वर येतो. तुपात उलट, होत आलं की फेस बसतो. तुपाची खूण तेलाला लावून फेस बसायची वाट पाहत तेल जाळणारे लोकही आहेत.

शेवटचं वाटीभर पाणी उरलं की पातेलं छोट्या बर्नरवर घ्यायचं आणि तिथून हलायचं नाही. उलथनं सपाट तोंडाचं, बुडाला टेकलेलं. दर तीन-चार मिनिटांनी कल्क बघायचा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर काटा शंभरच्या वर सरकायला लागताच सावध व्हा. पाणी संपलं की तापमान भराभर चढतं आणि मध्यम पाकातून दग्धात जायला काहीच मिनिटं लागतात. नेमका तेव्हाच फोन येतो. घेऊ नका.

एका दिवसात उरकणं हाही त्याच घाईचा भाऊ. तूप, तेल आणि गूळपाक एका दिवसात उतरवू नयेत असं जुनं वचन आहे, आणि त्यात श्रद्धेचा भाग कमी, भिजण्याचा जास्त. पहिल्या दिवशी तीन हिस्से द्रव आटवायचा, झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं. दूध घालायचं तेल असेल तर दूध दुसऱ्या दिवशीच घाला. नाशिकच्या मे महिन्यात रात्रभर ठेवलेल्या पातेल्यात ते नासणारच.

तापल्या तेलात काढा ओतू नका

हे वाचून विसरायचं नाही. तेल आधी कडकडीत तापवलं आणि वर काढा ओतला, तर पाणी तेलाच्या खाली जातं, क्षणात वाफ होतं आणि सगळं पातेलं उसळून गॅसच्या ज्योतीवर येतं. तेल, कल्क आणि काढा थंड असतानाच एकत्र करा, मगच खाली आच लावा. पातेलं एकूण मालाच्या निदान दुप्पट, तिप्पट असेल तर उत्तम, कारण अंगरस फार फेसाळतो. पेटलंच तर गॅस बंद करून वर घट्ट झाकण टाका. पाणी अजिबात नाही.

द्राक्षबागेच्या बांधावरचा माका

ही चूक खास आपल्या जिल्ह्यातली. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागात बागेच्या बांधावर माका काय माजतो! ठिबकचं पाणी, खत, सगळं आयतं. केसांच्या तेलासाठी लोक हौसेने पिशव्या भरून आणतात. आता तो माजायचा मोसम बघा. द्राक्षवेलींची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची, सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यानंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड, मग केवडा आणि भुरी या रोगांसाठी फवारण्यांवर फवारण्या, मध्ये मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण. ब्लोअरचा फवारा वेलीवरच थांबत नाही, बांधापर्यंत जातो.

‘उकळल्यावर सगळं मरतं’ हे जंतूंबद्दल म्हणा. मोरचुदातलं तांबं उकळून कुठे जाणार? पुष्कळ कीडनाशकं तेलात विरघळणारी असतात, आणि पाल्यात मुरणारी औषधं नळाखाली धुऊन निघत नाहीत. वर तुम्ही किलोभर पाल्याचा अर्क पाव लिटर तेलात उतरवताय. म्हणजे जे काही पाल्यावर होतं तेही दाट होऊनच येतं, आणि लावायचं कुणाला, तर आजारी माणसाच्या अंगाला. गोदावरीकाठचा शहरातला माकाही नको, तिथे नाले मिळतात.

माका कुंडीत मजेत वाढतो. निर्गुंडीची फांदी जूनमध्ये कुंपणाला खोचली की बहुधा धरते. दोन वर्षांत अख्ख्या गल्लीला पुरते. विकतचाच घ्यायचा तर बागेपासून लांबच्या जिरायत रानातला मागा आणि ओळखून घ्या: माक्याचं फूल पांढरं आणि पान चुरगळलं की रस थोड्या वेळात काळसर पडतो. पिवळ्या फुलाचा, बंगल्यांच्या कुंपणाशी शोभेला लावलेला, तो हा नव्हे.

भांडी

भांडी बाजारातून हौसेने आणलेलं तांब्याचं पातेलं कल्हईशिवाय वापरू नका. तांब्याच्या स्पर्शाने तेल लवकर खवट होतं. ॲल्युमिनियम तर आवळा, हिरडा, ताक असलं काही आंबट-तुरट असताना अजिबात नाही. जाड बुडाचं स्टील पुरतं. लोखंडी कढई माका-आवळ्याच्या केसांच्या तेलाला चालते, रंग काळा येतो. पण तेल झालं की त्यातच रात्रभर ठेवायचं नाही.

आणखी काही, थोडक्यात

गाळायचं फडकं धुऊन दमट असतानाच वापरतात आणि मग तेलात पाणी कुठून आलं म्हणून विचारतात. फडकं उन्हात कडक वाळलेलं हवं. तेल कोमट-गरम असताना गाळा, गार झाल्यावर अर्धं कल्कातच राहतं.

गाळलं की लगेच बाटल्या भरू नका. दोन दिवस झाकून ठेवा, वरचं नितळ काढून घ्या, तळाचा गाळ बाटलीत जाऊ देऊ नका.

कापूर चुलीवरच्या तेलात टाकणं म्हणजे पैसे वाफेवर सोडणं, शिवाय तो पेटतो. गाळलेल्या कोमट तेलात विरघळवा.

थंड पेयाची प्लास्टिकची बाटली नको. गडद काचेची, आतून पूर्ण कोरडी. वर औषधाचं नाव आणि तारीख.

डिसेंबरात खोबरेल गोठतं, ते बिघडलं असं नाही. 24 अंशांखाली ते गोठणारच. बाटली कोमट पाण्यात धरा, गॅसवर नको.

कच्च्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून बाटली आठवडाभर ओट्यावर ठेवू नका. हवाबंद तेलात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष वासाला किंवा चवीला कळत नाही. आणि कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल तर कुठलंच तेल कानात नाही.

घरी करायचीच नाहीत अशी तेलं

विषगर्भ तेलात बचनाग हे विषारी मूळ असतं. जात्यादी तेलात मोरचूद. भांगेचं, म्हणजे विजयेचं तेल हल्ली दुखण्यावर, झोपेवर मागतात. बचनाग आणि विजया दोन्ही औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या ई-1 अनुसूचीत आहेत आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या आहेत. गांजा आणि चरस 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात येतात, तिथे ‘घरच्यापुरतं’ ही सबब चालत नाही. वैद्याने विजया लिहून दिली तर परवानाधारक कंपनीची सीलबंद बाटली बिलासकट घ्या. बाटलीवर प्रमाण छापलेलं असतं; पातेल्यातल्या तेलाच्या एका थेंबात किती उतरलंय हे कुणालाच सांगता येत नाही, आणि आजारी माणसाला तेच कळणं गरजेचं असतं.

स्पिरिट किंवा पेट्रोलसारख्या द्रावणात औषध भिजवून ते गॅसवर उडवायचे व्हिडिओ पाहून कुणी बसलं असेल तर उठा. ती वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. शिवाय तेलात उरलेलं द्रावण घरी मोजता येत नाही.

निर्गुंडीचं तेल चांगलं जमलं म्हणून शेजारीपाजारी विकायला काढणाऱ्यांसाठी: औषध म्हणून विक्रीला काढायचं तेल 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादन परवान्याशिवाय बनवता येत नाही.

बिघडल्यावर

तेल कच्चं उतरलंय हे दोन दिवसांच्या आत लक्षात आलं आणि वास आंबूस नसेल, तर सगळं पुन्हा पातेल्यात, जाड बुडात, मंद आचेवर, तडतड पूर्ण थांबेपर्यंत. कल्क टाकून दिला असेल तर कापसाची वात त्या तेलात बुडवून चुलीपासून दूर पेटवा, तिच्यावरून कळतं. वास आला, बुरशी दिसली की वाचवायच्या भानगडीत पडू नका. उकळल्याने बुरशी मरेल, तिने सोडलेलं विष जाईलच असं नाही. करपलेलं तेल सुधारत नाही, त्यात ताजा काढा घालून पुन्हा आटवलं तरी जळका वास तसाच राहतो. ते दाराच्या बिजागऱ्यांना घाला, कुरकुर थांबते.