जुनी बोर्दो उघडताना या चुका टाळा

फ्रान्समधल्या बोर्दो भागातली वीस-पंचवीस वर्षं मुरलेली रेड वाईन पातळ आणि बेचव लागली, तर दर वेळी दोष बाटलीचाच असतो असं नाही. बऱ्याचदा तिला कोवळ्या वाईनसारखं हाताळलेलं असतं.

सगळ्यात महागात पडते ती गाळाची चूक. कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो आणि कॅबर्ने फ्रां या द्राक्षांतलं टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणूनच जुन्या वाईनचा तुरटपणा मऊ होतो आणि रंग कडेला विटकरी दिसतो. हा गाळ अपायकारक नाही, पण घोटात आला की कडवट आणि खरखरीत लागतो. आडवी ठेवलेली बाटली उघडण्याआधी किमान २४ तास, शक्यतो ४८ तास उभी करा. मग बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून, एका दमात, न थांबता दुसऱ्या भांड्यात ओता. मधेच बाटली सरळ केलीत तर गाळ पुन्हा ढवळला जातो. मानेत काळपट रेघ सरकताना दिसली की थांबा. तळाची दोन-चार चमचे वाईन सोडून द्यायची, हळहळू नये.

बूच जुनं असतं, ओलं आणि ठिसूळ. नेहमीचा कॉर्कस्क्रू त्याचा भुगा करतो. दोन पात्यांचा ओपनर काचेच्या आणि बुचाच्या मधे आळीपाळीने डोलवत खाली सरकवा, मग फिरवत वर काढा. तरी तुकडे पडलेच तर धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या मलमलीतून गाळा.

आता हवा. ‘रेड वाईन दोन तास मोकळी ठेवा’ हा सल्ला कोवळ्या, कडक टॅनिनच्या वाईनसाठी ठीक आहे. जुनीला तो मारक ठरू शकतो, कारण तिचे नाजूक वास तेवढ्यात उडून जातात. उघडल्यावर लगेच चाखा. कोंदट वास असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, बहुधा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र जात नाही, हवेत आणखी ठळक होतो. तो बुचाचा दोष, वाट पाहण्यात अर्थ नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तरी थांबून उपयोग नाही.

पण देवदार, तंबाखूची पानं, चामडं, ओली माती, अळंबी यांचा वास आला तर वाईन बिघडली म्हणून ओतून टाकू नका, त्यासाठीच तर ती मुरवलेली असते. जांभूळ-करवंदासारखा ताजा फळाचा भर हवा असेल तर जुनी बाटली घेऊच नये. बोर्दोतल्याच मेदोक भागातल्या वाईनमध्ये बहुधा कॅबर्ने सोव्हिन्यों जास्त, तर पोमरोल भागातल्या वाईनमध्ये मर्लो. म्हणून पहिलीत देवदाराकडे झुकणारा ताठ बाज, दुसरीत मऊपणा अधिक.

‘खोलीच्या तापमानाला प्या’ हे युरोपातल्या थंड घरांसाठी म्हटलेलं. मुंबईच्या ३० अंशांत अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी सगळं झाकतं. १५-१६ अंशांवर ओता, ग्लासात ती आपोआप १८ वर येते.

तिखट कोल्हापुरी रस्सा तिच्यासोबत नको. मिरची तिचे बारकावे पुसते. साधं भाजलेलं मटण किंवा जुनं कडक चीज चालेल. आणि बाटली त्याच संध्याकाळी संपवा, सकाळी तिच्यात फारसं काही उरत नाही.