विशी-पंचविशीत खासगी आरोग्य विमा घ्यायचा का, हे कसं ठरवायचं

"मला काय धाड भरलीय?" असं तरुणपणी वाटतं आणि त्यात तथ्यही आहे. हृदयविकार, मधुमेह, कॅन्सर यांचं प्रमाण या वयात कमी असतं. मात्र याच वयात मोठं बिल येतं ते दुचाकीच्या अपघातामुळे, खेळताना तुटलेल्या गुडघ्याच्या लिगामेंटमुळे, मध्यरात्री दुखू लागलेल्या अपेंडिक्समुळे, बाळंतपणामुळे किंवा मानसिक आजारामुळे. म्हणून तब्येत किती चांगली आहे हे बाजूला ठेवा आणि आधी एवढंच विचारा: उद्या दाखल व्हावं लागलं तर बिल कोण भरणार?

याचं उत्तर कागदावर शोधा. आई-वडिलांची पॉलिसी, नोकरीतला ग्रुप विमा, कॉलेजचा विमा, सरकारी आरोग्यसेवा यांपैकी जे लागू असेल त्यापुढे तीन गोष्टी लिहा: कधीपर्यंत, कशासाठी, कुठल्या हॉस्पिटलात. "कधीपर्यंत" इथे बहुतेकांची गफलत होते. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानुसार २६ वर्षं पूर्ण होईपर्यंत पालकांच्या विम्यात राहता येतं. जर्मनीत सरकारी विम्यात शिकणाऱ्या मुलाला साधारणपणे २५ पर्यंत पालकांसोबत मोफत संरक्षण मिळतं. कंपनीचा विमा बहुधा नोकरीसोबतच संपतो, आणि दोन नोकऱ्यांमधल्या महिन्याभरात आपण उघडे आहोत हे लक्षातही येत नाही.

सरकारी सेवा भक्कम असेल तर खासगी विमा नेमकं काय देतो ते पाहा. ब्रिटनमध्ये तातडीचे उपचार सरकारी यंत्रणाच करते, आणि खासगी पॉलिसी सहसा तातडीची सेवा व जुनाट आजारांचे नियमित उपचार देत नाहीत. तिथे हप्ता भरायचा तो मुख्यतः ठरवून करायच्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांची रांग टाळण्यासाठी. धडधाकट तरुणाने तिथे थांबायचं ठरवलं तर ते चुकीचं नाही. ऑस्ट्रेलियात सरकारी विम्यात रुग्णवाहिकेचा खर्च येत नाही. क्वीन्सलँड आणि टास्मानियात तिथलं राज्य सरकार तो उचलतं. बाकी ठिकाणी फक्त रुग्णवाहिकेची पॉलिसी वेगळी घेता येते, आणि ती मोठ्या पॉलिसीच्या मानाने स्वस्त पडते.

आता हिशोब. रक्कम पगाराच्या महिन्यांत मोजा, म्हणजे आकडा अंगावर येतो. समजा बिल १० महिन्यांच्या पगाराइतकं आलं. पहिल्या पॉलिसीत डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, १ महिन्याची आहे आणि उरलेल्यावर २० टक्के को-पे, म्हणजे बिलातला तुमचा टक्केवारीतला वाटा. खिशातून गेले १ अधिक ९ चे २० टक्के, म्हणजे २.८ महिने. दुसऱ्या पॉलिसीत डिडक्टिबल ३ महिन्यांचं, पण को-पे नाही. खिशातून गेले ३. फारसा फरक नाही. बिल २० महिन्यांचं झालं की पहिलीत ४.८ जातात, दुसरीत तेच ३. डिडक्टिबल जागेवर राहतं, को-पे बिलासोबत वाढत जातो. त्यामुळे थोडी बचत असलेल्या तरुणाने, को-पेला वर्षाची कमाल मर्यादा नसेल तर, जास्त डिडक्टिबल आणि शून्य को-पे हाच पर्याय आधी बघावा. ताप-खोकल्याची बिलं खिशातून भरा. विमा हवा तो घर मोडणाऱ्या बिलासाठी. विमा रकमेची मर्यादाही याच मापाने तपासा: ५ महिन्यांच्या पगाराइतकीच असेल तर १० महिन्यांच्या बिलातले निम्मे तुमचेच.

थांबायचं ठरवलंत तर थांबण्याचीही किंमत काढा. भारतात नव्या पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले ३० दिवस साधारणपणे क्लेम मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. तिशीत रक्तदाब निघाल्यावर पॉलिसी घेतली, तर हे घड्याळ तेव्हा सुरू होतं. पंचविशीत घेतली असती तर पुढे झालेला रक्तदाब "आधीपासूनचा" ठरलाच नसता. ऑस्ट्रेलियात ३१ व्या वाढदिवसानंतरच्या १ जुलैपर्यंत हॉस्पिटल कव्हर घेतलं नाही, तर पुढे घेताना तिशीनंतरच्या प्रत्येक वर्षामागे हप्ता २ टक्के चढतो, कमाल ७० टक्के, आणि सलग १० वर्षं विमा ठेवल्यावरच तो बोजा उतरतो. जर्मनीत गोष्ट उलटी आहे. तरुणपणी खासगी विमा स्वस्त दिसतो म्हणून सरकारी विमा सोडला, तर परतीची वाट अरुंद होते आणि ५५ नंतर जवळपास बंद. तिथे घाईच महाग पडते.

घ्यायचं ठरलं की जाहिरातीचं पान मिटवा आणि "काय समाविष्ट नाही" हे पान उघडा. साहसी खेळ, दारू पिऊन झालेला अपघात, बाळंतपण, मानसोपचार, दातांचे उपचार या पाच गोष्टी तिथे शोधा. मग जवळचं हॉस्पिटल कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनी थेट भरते अशा, यादीत आहे का ते हॉस्पिटललाच फोन करून विचारा. यादी जुनी असू शकते.

फॉर्म स्वतः भरा. एजंटने "दम्याचं लिहू नका, हप्ता वाढेल" म्हटलं तरी लिहा. दडवलेली माहिती क्लेमच्या वेळी हॉस्पिटलच्या केसपेपरमधून बाहेर येते. डॉक्टरांनी "लहानपणापासून दमा" अशी एक ओळ लिहिलेली असते, आणि कंपनी तीच ओळ दाखवून क्लेम नाकारते.

जुना विमा संपायच्या आधी नवा सुरू होईल असं बघा. भारतात कंपनी बदलताना पॉलिसी पोर्ट करायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा, म्हणजे आधी काढलेला प्रतीक्षा काळ जमेला धरला जातो. ती तारीख आजच मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका, ६० दिवस आधीची.