माझा अनुभव: दुसरी डिस्क रिकामी, तरी ‘जागा शिल्लक नाही’

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयाच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर, दुसरी डिस्क रिकामी असूनही, हा संदेश येत असे, कारण स्कॅन केलेली पुस्तके रूट पार्टिशनवरील (मुख्य प्रणाली असलेल्या डिस्कच्या भागावरील) ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ या फोल्डरमध्ये साठत होती. जुने लॉग पुसले. आठवड्यात पुन्हा तेच, अगदी जीव मेटाकुटीला आला.

सर्व्हरने पुरवायचा डेटा ‘/एसआरव्ही’ या फोल्डरात असावा, असे २०१५ च्या फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डमध्ये (कोणते फोल्डर कशासाठी, हे सांगणाऱ्या मानकात) नमूद आहे. म्हणून प्रथम दुसरी डिस्क ‘एफएसटॅब’ या डिस्कनोंदींच्या फाइलमध्ये यूयूआयडीने (न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने) नोंदवून (वीज जाऊन आल्यावर डिस्कचे नाव बदलू शकते) ‘/एसआरव्ही’वर माउंट केली (म्हणजे त्या फोल्डरला जोडली), मग अपाचे हा वेब सर्व्हर थांबवून ‘आरसिंक’ या प्रती करणाऱ्या आज्ञेने मालकी व परवानग्यांसह फायली उतरवल्या आणि ‘डॉक्युमेंटरूट’ (अपाचे फायली जिथून देतो ते फोल्डर) बदलून अपाचे सुरू केले. तरीही ४०३ (‘परवानगी नाही’ अशी त्रुटी)! ‘अपाचे२.कॉन्फ’ या सेटिंग फाइलमध्ये ‘/एसआरव्ही/’चा डिरेक्टरी ब्लॉक (त्या फोल्डरला परवानगी देणाऱ्या ओळी) मुळातच कॉमेंट केलेला, म्हणजे हॅश चिन्हांनी निष्क्रिय असतो, त्याच्या ओळींपुढची हॅश चिन्हे काढून अपाचे रीलोड केल्यावर पुस्तके उघडली. जुनी प्रत दोन दिवसांनी पुसली, तेव्हाच रूटवर जागा झाली.